कानात सांगायचे उत्तर

एका राज्यात, जिथे वाटसरूंना डोंगर वाट सांगत आणि नदी वर्षातून एकदा उलटी वाहत माहेरी जाऊन येई, तिथे सरजाबाई नावाच्या एक शिक्षिका राहत होत्या. देवळाच्या ओवरीत त्यांची शाळा भरे. मुले मोजून अकरा. कुणी लोहाराचे, कुणी माळ्याचे, कुणी थेट सेनापतीच्या घरचे. पण ओवरीत बसायला सगळ्यांना एकच चटई.

रोज सकाळी, सूर्य कळसावर टेकला की सरजाबाई लाकडी धुळपाटीवर बारीक धूळ पसरत आणि बोटाने तिच्यावर एक कोडे लिहीत. हिशेब, अक्षरे, पाढे सगळे नंतर. आधी कोडे. त्याचे नियम दोन. पहिला असा की उत्तर बाई कधीच सांगणार नाहीत, मग कुणी पाया पडो की रुसून बसो. दुसरा असा की ज्याला उत्तर सापडेल त्याने ते फक्त बाईंच्या कानात सांगायचे. एकाने मोठ्याने सांगितले की बाकी दहा जणांचे कोडे चोरीला जाते, असे बाई म्हणत, आणि त्या शाळेत याच्याहून मोठी चोरी नव्हती.

लोहाराचा बाजी असा चलाख की धूळ बसायच्या आत बाईंच्या कानाशी हजर. आणि राघोजी कुंभाराची कृष्णी अशी संथ, की आषाढातल्या कोड्याचे उत्तर तिने मार्गशीर्षात आणून दिले होते. मुले हसली. बाई हसल्या नाहीत, कारण उत्तर बरोबर होते.

त्या राज्याचा राजा वज्रसेन. माणूस वाईट नव्हता, उतावळा होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. हा राजा तर बाशिंग बांधूनच जन्मला होता. प्रधानाने ‘विचार करून सांगतो’ म्हटले की त्याचे डोके उठे. ही गोष्ट कुहक नावाच्या जादूगाराच्या कानावर गेली. सात नागांच्या पहाऱ्यात एक शापित खजिना होता. त्यातली एक सोन्याची साळुंकी काढून कुहकाने राजाला नजर केली.

जगात आजवर जो जो शब्द कुणी मोठ्याने उच्चारला, तो तो त्या साळुंकीच्या पोटात जमा होता. त्यामुळे काहीही विचारा, प्रश्न संपायच्या आत उत्तर येई. एका प्रश्नाला एकच उत्तर, आणि ते खरे. मोबदला म्हणून विचारणाऱ्याच्या तळहातावरची एक रेघ पुसली जाई. बस्स, एवढेच. तळहाताच्या रेघा कोण मोजत बसतो? लोकांनी रांगा लावल्या. पेरणी कधी करू, भाजीत मीठ किती घालू, सासूबाईंना काय सांगू, सगळे साळुंकीला विचारून होऊ लागले.

शेवटची रेघ पुसली गेली की मात्र माणूस होता तिथे बसून राही. ऊठ म्हटले की उठे, जेव म्हटले की जेवे. पहिला हात कोरा झाला तो खुद्द राजाचा. त्यानंतर राजा समोर येईल त्या कागदाला मान हलवू लागला आणि राज्य कुहक चालवू लागला.

राघोजी कुंभारही त्या रांगेत उभा राहिला होता. माती किती भिजवू, माठाची मान किती उंच घेऊ, भट्टी कधी पेटवू. त्या वर्षी त्याच्यासारखे माठ पंचक्रोशीत कुणाचे नव्हते. मग एके दिवशी त्याचा हात ताटलीसारखा गुळगुळीत झाला आणि चाक थांबले. कृष्णी त्याच्या तोंडाला तांब्या लावून म्हणे, “आबा, प्या.” तो पिऊ लागे. “पुरे” म्हणायला ती विसरली, तर तांब्या रिकामा झाल्यावरही त्याचा घसा हलत राही.

एक दिवस दवंडी पिटली गेली. राज्यातल्या शाळा बंद. अमावास्येपासून सगळ्या मुलांनी साळुंकीपुढे उभे राहून जे हवे ते विचारून घ्यावे.

सरजाबाईंनी दवंडी पूर्ण ऐकली. धुळपाटी झटकून काखेत मारली आणि अकराही मुलांना घेऊन त्या थेट दरबाराकडे निघाल्या. दाराशी पहारेकऱ्याने त्यांना अडवून भिंतीवरची पाटी वाचायला लावली. ‘दरबारात कुजबुज करणाऱ्याची जीभ छाटली जाईल.’ सोन्याच्या साळुंकीबरोबर आलेला हा पहिलाच नियम, असे पहारेकरी म्हणाला. बाईंना नवल वाटले.

राजा सिंहासनावर होता. साळुंकी सोन्याच्या दांडीवर होती आणि कुहक तिच्या शेजारी. त्याच्या दोन्ही तळहातांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या हजारो रेघा होत्या.

“महाराज,” सरजाबाई म्हणाल्या, “माझी मुलं या पक्ष्यापुढे उभी राहणार नाहीत.”

राजाने मान हलवली. कुहकाने विचारले, “का बरं?”

“त्यांना अजून पुष्कळ गोष्टी ठाऊक नाहीत. त्या त्यांच्या त्यांनी शोधायच्या आहेत.”

“शोधण्यात आयुष्य जातं, बाई.”

“ते त्यासाठीच असतं.”

कुहकाला मौज वाटली. रोज कोऱ्या हातांची माणसे बघून तोही कंटाळला असावा. तो म्हणाला, “तीन दिवस, तीन कोडी. कोडी तुम्ही घाला. साळुंकीजवळ नाही असं एक जरी बरोबर उत्तर तुमच्या मुलांनी दिलं, तर शाळा राहील. नाही दिलं, तर चौथ्या दिवशी अकराही मुलं इथे रांगेत. रांगेत पहिल्या तुम्ही.”

“रीत कोणती?”

“तुमच्या शाळेचीच असू द्या,” कुहक म्हणाला. कोंबड्यांपुढे दाणे टाकावेत तसे त्याने ते शब्द टाकले. पण जादूगाराचा शब्द म्हणजे जादूगाराची वेसण. त्याने तो मोडला तर त्याचेच मंत्र त्याला खातात. हे त्या राज्यात शेंबड्या पोरालाही माहीत होते, आणि बाई तर शिक्षिका होत्या.

पहिल्या दिवशी दरबार गच्च भरला. सरजाबाईंनी कोडे घातले. “एका भट्टीत वीस माठ मावतात. कुंभाराने सात लावले, ते भाजायला एक दिवस लागला. तर चौदा लावले असते तर किती—”

“एक दिवस,” साळुंकी म्हणाली.

बाजीने दरबाराच्या नियमाप्रमाणे मोठ्याने सांगितले, “एक दिवस.” उत्तर बरोबर होते, पण ते साळुंकीजवळही होते. पहिला दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ठेवणीतले कोडे काढले. “घरात नाही, अंगणात नाही. रोज पायाखाली येतो, तरी हळदकुंकू पावतो. कुठे जात नाही, तरी गेलेला आणि आलेला पहिल्यांदा त्यालाच—”

“उंबरठा,” साळुंकी म्हणाली, आणि डाळिंबाचा दाणा टिपू लागली.

बाजीलाही उंबरठाच सुचला होता. पण सवय वाईट. तो टाचा उंचावून बाईंच्या कानाशी गेला. त्याचे ओठ हलले मात्र, साळुंकीच्या चोचीतून दाणा गळून पडला. तिची मान वीतभर लांब झाली. सोन्यात कुठेतरी करकर असा आवाज झाला. कुहक ताडकन उभा राहिला.

“मोठ्याने,” तो ओरडला. “इथे मोठ्याने बोलायचं.”

“उंबरठा,” बाजी घाबरून म्हणाला. साळुंकीची मान होती तेवढी झाली. दुसरा दिवसही गेला.

राजवाड्याच्या पायऱ्यांवर बाजी रडू लागला. “बाई, तिला सगळं येतं. आपण हरणार.”

“सगळं येणारी कुजबुजीला का भ्यावी?” सरजाबाई म्हणाल्या. त्या बाजीची समजूत घालत नव्हत्या. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता, आणि प्रश्न पडला की बाईंच्या पायांना जोर येई. त्या चालत राहिल्या आणि चालता चालता त्यांनी एकेक धागा सोडवला. मोठ्याने बोललेले साळुंकीच्या पोटात जाते. कानात बोललेले जात नाही. आणि जे जात नाही त्याने ती बेचैन होते. शिवाय तिच्याजवळ एका प्रश्नाचे एकच उत्तर असते. म्हणजे उद्याचे कोडे असे हवे की जितकी डोकी तितकी उत्तरे, आणि ती सगळी कानात.

बाई कुंभारवाड्याशी पोचल्या तेव्हा ऊन कलले होते. राघोजी थांबलेल्या चाकापाशी बसला होता, कालच्यासारखाच. कृष्णी अंगणात बसून वाळल्या मातीची ढेकळे मोगरीने फोडत होती. बापाचे चाक बंद, तरी पोर रोज माती तयार करून ठेवी. बाईंचा जीव तुटला.

“कुणासाठी गं ही माती?” त्यांनी विचारले.

“आबा उठले की लागेल ना,” कृष्णी म्हणाली. “ढेकळं फोडल्याबिगर कामाला येत नाहीत.”

बाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना कोडे सापडले होते.

तिसऱ्या दिवशी दरबारात पाऊल ठेवताच सरजाबाई म्हणाल्या, “महाराज, दोन दिवस एक चूक झाली. माझ्या शाळेत उत्तर कानात सांगायची रीत आहे. आज रीतीप्रमाणे होईल.”

कुहकाचा चेहरा उतरला. “दरबारात कुजबुजीला बंदी आहे.”

“रीत शाळेची, हा शब्द आपला आहे.”

काल त्या शब्दाची आठवण कुणी दिली नव्हती म्हणून निभावले होते; आज कुहक ‘नाही’ म्हणायला गेला. त्याने तोंड उघडले तशी त्याच्या उजव्या हाताची करंगळी धूर होऊन उडून गेली. त्याने तोंड मिटले. मग उरलेल्या बोटांकडे बघत तो म्हणाला, “होऊ द्या. अकरा तर पोरं आहेत.” आणि त्याने आपले आसन उचलून अशा जागी मांडले, की तिथून बाईंचा कान आणि सांगणाऱ्याचे ओठ दोन्ही दिसावेत.

सरजाबाईंनी दरबाराच्या मधोमध धुळपाटी मांडली आणि कोडे लिहून वाचले:

“धड असता कामाचे नाही, फुटता येई कामाला;
ओळखुनी जो सांगे त्याचे नाव ठेवु या शहाणा.”

“नारळ,” साळुंकी म्हणाली आणि पंख मिटून बसली. तिचे झाले होते.

मग मुले एकेक करून उठली. बाजी बाईंच्या कानाशी गेला. साळुंकीची मान लांब झाली, सोने करकरले. पण कुहकाने ओठ वाचले आणि तो घाईने मोठ्याने म्हणाला, “अंडं. अंडं म्हणाला तो. जगात हजारदा बोललेली गोष्ट, साळुंकीच्या पोटात आहेच.” साळुंकीची मान खाली आली.

माळ्याची पोर गेली. “कापसाचं बोंड,” कुहक म्हणाला. सेनापतीचा मुलगा गेला. “अक्रोड.” चौथी, पाचवा, सहावी. भुईमुगाची शेंग, गुळाची ढेप, डाळिंब. प्रत्येक वेळी साळुंकीची मान लांब होई आणि प्रत्येक वेळी कुहक धावून तिला शब्द भरवी. कपाळावरचा घाम तो उपरण्याने पुसत होता. उत्तरे सगळी बरोबर होती आणि सगळी कुणी ना कुणी कधीतरी बोललेली होती. दहा मुले झाली.

उरली कृष्णी. ती धुळपाटीसमोर मांडी घालून बसली होती आणि तिला काहीही सुचले नव्हते.

“ऊन कळसावरून उतरेपर्यंत मुदत,” कुहक म्हणाला.

सूर्य चढला. दरबारी ताटकळले. कृष्णी बसून होती. आता सरजाबाईंच्या मनात एक गोष्ट लख्ख झाली. त्यांच्याजवळचे स्वतःचे उत्तर होते ढेकूळ. कृष्णीही तेच सांगणार, रोज तीच तर ढेकळे फोडते. आणि ढेकूळ म्हणजे काय कुणी न उच्चारलेला शब्द आहे? कुहक ते ओठांवरून उचलेल, साळुंकी शांत होईल आणि उद्या ही पोरे रांगेत उभी राहतील. जिंकणारे उत्तर खुद्द बाईंनाही ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत असे पहिल्यांदाच घडत होते.

“बाई,” कुहक गोड आवाजात म्हणाला, “पोरीचा जीव मेटाकुटीला आला. थोडं सुचवा तिला. मी काही म्हणणार नाही.”

“तिचा विचार चालू आहे,” सरजाबाई म्हणाल्या.

“किंवा साळुंकीला विचारा. एक रेघ जाईल. तिच्याजवळ अजून पुष्कळ आहेत.”

“तिचा विचार चालू आहे,” बाई पुन्हा म्हणाल्या, आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. ज्या बाईंनी आषाढापासून मार्गशीर्षापर्यंत वाट पाहिली, त्यांना अर्धा दिवस जड नव्हता. निदान तसे त्यांनी स्वतःला बजावले.

कृष्णी धुळपाटीकडे बघत होती. मग राजाकडे, त्याच्या कोऱ्या हातांकडे. मग तिने साळुंकीकडे पाहिले आणि खूप वेळ पाहत राहिली. ऊन कळसाच्या टोकावर नखाएवढे उरले तेव्हा ती उठली. बाईंजवळ आली. तिच्या हातांना माती लागलेली होती. ते दोन्ही हात तिने बाईंच्या कानाभोवती धरले, तोंड आत घातले आणि तीन शब्द बोलली.

“ही साळुंकी, बाई.”

कुहक उठला, वाकला, त्याने इकडून पाहिले, तिकडून पाहिले. मातीच्या दोन तळव्यांखेरीज त्याला काही दिसेना.

सरजाबाईंना हुंदका आवरेना. “बरोबर,” त्या म्हणाल्या. “हे मला सुचलं नव्हतं.”

साळुंकीची मान लांब होऊ लागली. वीतभर झाली, हातभर झाली. सोने करकरू लागले. कुहक हातवारे करत ओरडला, “ढेकूळ म्हणाली ती, ढेकूळ.” साळुंकीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तिच्या पोटात जगातले सगळे शब्द होते, फक्त कानात सांगितलेले हे तीन तिला मिळाले नव्हते. तिने चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आणि ज्या तोंडातून आजवर फक्त उत्तरे आली होती, त्या तोंडातून ती म्हणाली,

“ती काय म्हणाली?”

त्या एका प्रश्नासरशी सोने तडकले. गळ्यापासून शेपटीपर्यंत भेग गेली, दोन कवचे दोन बाजूंना पडली आणि आतून एक साधी तपकिरी साळुंकी बाहेर आली. पिवळ्या चोचीची, जरा विस्कटलेली. ती तुळईवर जाऊन बसली आणि तिने विचारले, “हे कुणाचं घर? तो का रडतोय? भूक लागल्यावर काय करतात?”

रडत होता तो कुहक. त्याच्या तळहातांवरच्या हजारो रेघा सुटून धाग्यांसारख्या हवेत उठल्या आणि खिडक्यांतून आपापल्या मालकांकडे निघाल्या. शेवटची गेली तेव्हा त्याचे हात कोरे झाले आणि तो होता तिथे बसून राहिला. सरजाबाईंनी पहारेकऱ्याला सांगितले, “त्याला सावलीत बसवा. वेळेवर जेवायला सांगा. उद्यापासून ओवरीत आणा. पहिली रेघ उमटायला वर्ष लागेल, पण उमटेल.”

राजा आपल्या तळहाताकडे बघत होता. प्रधानाने पुढे होऊन विचारले, “महाराजांची आज्ञा?”

“थांबा,” राजा वज्रसेन म्हणाला. “जरा विचार करू द्या.” हे वाक्य त्या तोंडून प्रथमच ऐकून प्रधान मटकन खालीच बसला. दुसऱ्या दिवशी शाळा उघडल्याची दवंडी फिरली. भिंतीवरची पाटी उतरली आणि दरबारात लोक मनसोक्त कुजबुजू लागले.

पण कृष्णी दवंडीसाठी थांबली नव्हती. ती राजवाड्यापासून कुंभारवाड्यापर्यंत पळत सुटली होती आणि सरजाबाई धापा टाकत तिच्या मागे.

राघोजी अंगणात उभा होता. कुणी ऊठ म्हटले नव्हते, तरी उभा होता. बारीक करून ठेवलेल्या मातीचा ढीग त्याने पाहिला, जाळे धरलेले चाक पाहिले, मग दारातून येणारी लेक पाहिली. त्याच्या आठवणीत ती त्याच्या कमरेला लागत होती. आता त्याच्या खांद्याला लागत होती.

“कृष्णे,” तो म्हणाला, “किती दिवस गेले गं मी असा बसून?”

कृष्णीला ठाऊक होते. एकेक दिवस तिला ठाऊक होता. बापाने आपल्याला काहीतरी विचारावे म्हणून ती किती सकाळी त्याच्यासमोर बसली होती, ते फक्त सरजाबाईंना माहीत होते. पण तिने डोळे पुसले आणि ती म्हणाली, “तुम्हीच ओळखा, आबा.”

राघोजीने तिला जवळ घेतले नाही की तो हसला नाही. त्याने भुवया आवळल्या. एकदा मातीच्या ढिगाकडे पाहिले, एकदा तिच्या उंचीकडे, आणि बोटांची पेरे मोजू लागला. मोजता मोजता चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. कृष्णी त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि कौतुकाने बघत राहिली. तिला कसलीच घाई नव्हती.

सरजाबाई फाटकातूनच मागे वळल्या. कृष्णीला जसा तिचा बाप मिळाला, तशी ज्याची त्याची माणसे ज्याला त्याला मिळोत. आणि मिळाली की त्यांना विचार करायला चार घटका मिळोत.